कात्री जपून: अठराव्या शतकातला फ्रेंच रेशमी झगा

हा झगा आधी पाठीमागून पाहायचा. मानेखाली एकीवर एक बसवलेल्या रुंद चुण्या आहेत. खांद्यांच्या मध्ये त्या टाक्यांनी पक्क्या केल्यात आणि तिथून सुटून थेट जमिनीपर्यंत आल्यात. याला म्हणतात रोब आ ला फ्रांसेज. अठराव्या शतकाचा बराचसा काळ फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत आणि दरबारात याचाच मान होता.

इतकं कापड मोकळं का सोडलं असेल? कारण झग्यात सगळ्यात महाग होतं ते रेशीमच. ल्यों शहरात नक्षीचं रेशीम विणताना मागावर विणकर बसायचा आणि नक्षीच्या दोऱ्या ओढायला शेजारी मदतनीस लागायची. या दोऱ्या आपोआप उचलणारा जकार्डचा माग यायला १८०० नंतरचा काळ उजाडला. पन्हाही जेमतेम ५०-५५ सेंटीमीटर. त्या मानानं शिलाई स्वस्त. म्हणून शिवणारीनं काठाला काठ जोडला, पन्हे शक्यतो अखंड ठेवले आणि उरलेली रुंदी चुण्यांत मुरवली.

आता झगा उलटा करू. खरी करामत आत आहे. अस्तर लिननचं, अंगाबरोबर बसण्याचं काम त्याचं. पाठीवर, चुण्यांच्या आड, ते मधोमध उघडं आहे. दोन्ही कडांना गोल काजं आणि त्यांतून ओवलेली नाडी. अंग भरलं की नाडी सैल करायची, उतरलं की आवळायची. बाहेरच्या चुण्या जागच्या हलत नाहीत. मला तरी या झग्यातली सगळ्यात हुशार जागा हीच वाटते.

सगळी शिवण हातची. घेराचे पन्हे लांब धावदोऱ्यानं जोडलेत. टाके ओबडधोबड दिसतात, पण त्यामागे विचार आहे: उद्या उसवून तेच रेशीम पुन्हा वापरता यावं. ताण येतो तिथं मात्र घट्ट टीप.

पुढून झगा उघडाच. छातीवरचा त्रिकोणी पट्टा वेगळा, बहुधा टाचण्यांनी लावायचा. फ्रेंच चित्रकार बूशेनं १७५६ साली रंगवलेल्या मादाम द पोम्पादूरच्या (राजा पंधराव्या लुईच्या प्रेयसीच्या) चित्रात हिरव्या झग्यावर तिथं गुलाबी फितींची फुलं ओळीनं उतरलेली दिसतात. झालरींच्या कडा दुमडून शिवलेल्या नसतात. धारदार ठशानं ठोकून त्या नागमोडी कापायच्या, म्हणजे धागे कमी सुटतात.

हे काम बायकांचं. पॅरिसच्या शिवणकरणींना १६७५ साली स्वतःचा संघ मिळाला होता. पण झग्यावर शिवणारीचं नाव घालायची रीत तेव्हा नव्हती, आणि याची हळहळ वाटते.

१७७०च्या दशकात पाठीला चापून बसणारे झगे आवडू लागले. मग कितीतरी जुन्या झग्यांच्या चुण्या कमरेपर्यंत शिवून टाकल्या गेल्या. पुढच्या शतकात काही झगे वेशभूषेच्या समारंभांसाठी पुन्हा उसवले गेले. त्यामुळे संग्रहालयात असा झगा आला की जाणकार आधी रेशमावरची सुईची जुनी भोकं आणि घड्यांच्या खुणा शोधतात. चुण्या मुळात कुठे होत्या, ते त्यांवरूनच ठरतं.