मदतीच्या कामाचे दोन वर्षांचे शिक्षण

श्रोतेहो, नमस्कार.

१९५५ मध्ये अमेरिकेतील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे राहत होती आणि त्यांतील अनेकांचे उभे आयुष्य त्या भिंतींच्या आत सरले होते. त्याच सुमारास मनोविकारांवरील नवी औषधे वापरात आली, रुग्णालयांतील हलाखीची उघड चर्चा होऊ लागली आणि ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. रुग्णावर त्याच्या गावात, त्याच्या माणसांत ठेवून उपचार व्हावेत, हा त्या कायद्यामागचा विचार होता. परंतु परतलेल्या माणसाला भाड्याची खोली कोण शोधून देणार, तो औषध घेतो की नाही हे कोण पाहणार, सरकारी कचेरीतील अर्ज कोण भरून देणार? मनोविकारतज्ज्ञ आणि उच्चशिक्षित समाजकार्यकर्ते या कामाला पुरणारे नव्हते. कम्युनिटी कॉलेजांतून, म्हणजे अमेरिकेतील दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयांतून, शिकवला जाणारा ‘ह्यूमन सर्व्हिसेस’ (अडचणीतील माणसांना मदत करण्याचे काम) हा विषय प्रामुख्याने या अडचणीतून उभा राहिला आणि आज मी आपल्याशी त्याच शिक्षणाविषयी बोलणार आहे.

१९६०च्या दशकाच्या मध्यास इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाने राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अनुदानातून मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दोन वर्षांची पदवी सुरू केली. हा नमुना कम्युनिटी कॉलेजांना सहज मानवला. १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झालेली ही परंपरा मुळातच गावातल्या माणसाला गावातच आणि परवडेल अशा शुल्कात शिकवण्याची आहे. साधारणतः तेथे प्रवेशासाठी गुणांची चुरस नसते, संध्याकाळचे वर्ग असतात आणि सुमारे ६० श्रेयांक (क्रेडिट) पूर्ण केले की दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते. आपल्याकडे याच्या उलट घडले. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे जे शिक्षण सुरू झाले, ते थेट पदव्युत्तर पातळीवर. तळाच्या पायरीची आठवण आपल्याला फार उशिरा झाली, असे माझे मत आहे.

या वर्गांत बसणारे विद्यार्थी बहुधा नुकतेच शाळा संपवलेले नसतात. दिवसा वृद्धाश्रमात काम करणारी आई असते, व्यसनातून बाहेर पडलेला पन्नाशीचा गृहस्थ असतो, स्वतः कधी निवारा केंद्रात राहिलेली तरुणी असते. गरिबांनाच गरिबांच्या सेवेतील नोकऱ्यांसाठी तयार करावे, असा विचार त्या साठच्या दशकात जोर धरून होता आणि त्याची खूण या वर्गांत आजही दिसते. मात्र भोगलेल्या दुःखामुळे समोरच्याचा विश्वास लवकर मिळतो, एवढेच खरे. माझी कहाणी तीच तुझी, असे समजून सल्ला देत सुटणारा कार्यकर्ता अपाय करतो आणि ही खोड मोडण्यात अभ्यासक्रमाचा बराच वेळ जातो.

त्यासाठी प्रथम मुलाखत शिकवली जाते. ‘तुम्ही दारू पिता का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर मिळते. ‘मागच्या आठवड्यातल्या तुमच्या संध्याकाळी कशा गेल्या?’ असे विचारले तर माणूस बोलू लागतो. विद्यार्थी एकमेकांच्या मुलाखती घेतात, त्यांचे चित्रण होते आणि ते सर्वांसमोर पाहिले जाते. आपण किती वेळा दुसऱ्याचे वाक्य तोडतो, हे पडद्यावर पाहताना भलेभले खजील होतात. त्यानंतर येतात त्या केस नोट, म्हणजे प्रत्येक भेटीची लेखी नोंद. माझ्या दृष्टीने या शिक्षणाचा कस येथे लागतो. मदतीसाठी आलेल्या माणसाविषयी ‘तो उद्धट वागला’ असे लिहिलेले चालत नाही. तो आवाज चढवून बोलला, दोनदा खुर्चीवरून उठला, मुलीचा विषय निघताच गप्प झाला, असे लिहावे लागते. ही नोंद पुढे दुसरा कर्मचारी वाचेल, डॉक्टर वाचेल, कदाचित न्यायाधीशही वाचेल आणि एका सैल विशेषणावर एखाद्या आईला तिचे मूल परत मिळायचे की नाही हे अडू शकेल. इंग्रजी निबंधलेखनाचा सक्तीचा तास अनेकांना जाचक वाटतो, पण त्याचा उपयोग या नोंदी लिहिताना कळतो.

गोपनीयतेचा पाठही याला लागूनच येतो. ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हे कोणालाही समजते. कठीण आहे ते या नियमाच्या मर्यादा समोरच्याला पहिल्याच भेटीत सांगणे. मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आला तर तो सरकारी यंत्रणेला कळवणे या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक असते आणि ते आधी सांगितले नसेल, तर तो माणूस विश्वासघात झाला असेच समजतो.

वर्गाबाहेरचा भाग म्हणजे क्षेत्रकार्य. या विषयाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद १९७९ पासून काम करते आणि तिच्या निकषांनुसार असोसिएट पदवीसाठी किमान २५० तास प्रत्यक्ष संस्थेत काढावे लागतात. निवारा केंद्र, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धांचे दिवसकेंद्र, अन्नवाटप केंद्र, कुठेही. त्याआधी बोटांचे ठसे घेऊन पूर्वेतिहास तपासला जातो. जुना गुन्हा नोंदलेला असेल तर काही संस्था दार उघडत नाहीत, म्हणून ही चौकशी पहिल्या सत्रातच करावी.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी भगिनींपैकी कोणी हा विचार करत असेल, तर त्यांच्या भाषेला येथे मोल आहे. न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून ‘सखी’ या संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करत आहेत. घरातील मारहाणीविषयी परक्या भाषेत बोलणे किती अवघड असते, हे तेथील कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. मात्र एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या जोडीदारामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येते, पगारी नोकरीसाठी स्वतंत्र परवानगी लागते; आणि पेल ग्रँट ही केंद्रीय शिष्यवृत्ती मुख्यतः नागरिक व ग्रीन कार्डधारकांसाठी आहे.

पगाराविषयी भ्रम नसावा. समाजसेवा सहायकांचे मध्यक वेतन (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०२३ मध्ये वर्षाला सुमारे ४१ हजार डॉलर होते आणि मोठ्या शहरात एवढ्यात घर चालवणे ओढाताणीचे आहे. शिवाय यातील अनेक जागा शालान्त परीक्षेवरही मिळतात. पदवीने काम नीट येते आणि पुढची वाट खुली होते, पण ती वाट सरळ नाही. परवानाधारक समाजकार्यकर्ता व्हायचे तर सामान्यतः समाजकार्याची चार वर्षांची पदवी किंवा त्यापुढे पदव्युत्तर पदवी लागते आणि चार वर्षांच्या पदवीसाठीचे किमान ४०० तासांचे क्षेत्रकार्य बहुधा पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती हाती पडते सुमारे १६ टक्क्यांच्या. पैसा आणि वेळ यांची चणचण हे याचे मोठे कारण आहेच, पण कॉलेजातून विद्यापीठात जाताना श्रेयांक वाया जाणे हेही एक कारण आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी, पुढे ज्या विद्यापीठात जायचे आहे तेथील सल्लागाराकडून कोणते विषय धरले जातील याची यादी लेखी मागून घ्यावी. तोंडी आश्वासनावर विषय निवडू नयेत, कारण दोन वर्षांनी तो सल्लागार त्या जागेवर असेलच असे नाही.