आधी बसा, मग अर्ज भरा
(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'चाळिशीनंतर पदवी घ्यावी का?' मला पाऊण तास दिलाय. समोर बऱ्याच काकू दिसतायत, मागे दोन-तीन दादा ड्युटीवरून थेट आलेत. बरं वाटलं. हात वर करा बघू, बारावीनंतर शिक्षण सुटलं असे किती जण? ...अर्धं सभागृह! मग आज मी आपल्या माणसांतच बोलतेय.

मोठ्यांनी शिकणं ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली आपल्या घरात रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी. धोंडो केशव कर्वे मॅट्रिक झाले तेव्हा तेविशीत होते. आणि बाबासाहेब बघा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे जमवले आणि 1920 मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, पुन्हा लंडनच्या बोटीत बसले. त्या वेळी इकडे परळच्या चाळीत संसार रमाई ओढत होत्या. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे 1946 मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि तिथे सकाळचे वर्ग ठेवले, नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून. कामकरी माणसाकडे मोकळा वेळ नसतो, त्याचा वेळ ओळखून वर्ग भरवावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आता माझी गोष्ट सांगते. मी बारावी झाले 1989 साली. त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. आमच्या घरी मात्र ती पोचायला तेवीस वर्षं लागली, कारण पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. आणि लग्नात काय करतात? तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात. मला ते नाव आवडलंही होतं. पण एक्केचाळिसाव्या वर्षी अर्ज भरायला गेले, तेव्हा बारावीच्या गुणपत्रिकेवरची मुलगी एक आणि रेशनकार्डावरची बाई दुसरी. नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "ताई, ही तुम्हीच कशावरून?"

मग सुरू झाला फेरा. गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, नाव बदलून आणा. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणा. आमच्या लग्नाची नोंदणीच झाली नव्हती. नोंदणी करायला गेले तर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही हवी. गुरुजी वारलेले. मग त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र, तीन साक्षीदार. तीन साक्षीदारांना कामाच्या दिवशी एका वेळी तालुक्याला नेणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. एका मामांचा तर त्या दिवशी ऊस तोडायला लागला होता, तरी ते आले, अजून मला त्याचं वाटतं. इकडे शाळेत दाखल्याची दुसरी प्रत मागितली तर जुनं रजिस्टर सापडेना. मधल्या तेवीस वर्षांत काय केलं याचं गॅप सर्टिफिकेट हवं होतं. तेवीस वर्षं काय केलं? दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, शेत सांभाळलं. प्रतिज्ञापत्रावर मात्र 'घरीच होते' एवढंच लिहून मिळालं. त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं, तेवढं कुणाच्या बोलण्याने लागलं नव्हतं. सात महिने गेले. ज्या बाईचं नाव लग्नात बदलतं, तिच्याच वाट्याला हा फेरा येतो. माझ्या नवऱ्याला अर्ज भरायचा असता तर तो एका सकाळी भरून झाला असता. हे बदललं पाहिजे असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण त्या सात महिन्यांत एक गोष्ट झाली. शेजारच्या मुलीची प्रथम वर्षाची इतिहासाची पुस्तकं मी मागून आणली. पहाटे पाच ते साडेसहा, नळाला पाणी येईपर्यंत, ओट्याशेजारी पाट टाकून बसायचे. पहिला महिना पानावर डोकं टेकून झोपच लागायची. दुसऱ्या महिन्यात वाचलेलं लक्षात राहायला लागलं, पण लिहिता येईना, अर्ध्या पानातच बोटं आखडायची. तिसऱ्या महिन्यात एक दिवस साडेसहाला मी उठलेच नाही, धडा अर्धा राहिला होता. बघते तर ह्यांनी हंडे भरून ठेवले होते. सासूबाईंनी चहाचा कप पाटाजवळ आणून ठेवला, एक शब्द न बोलता. माझा प्रवेश त्या दिवशी झाला. गॅझेट आलं त्यानंतर चार महिन्यांनी.

...चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मग फळ्यावरचा विषय भराभर घेते.

हिशेब करू. आता तीन वर्षांची पदवी म्हणजे 120 श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, अभ्यास मोजायचं माप. मुक्त शिक्षणात एका श्रेयांकाला तीस तास अभ्यास धरतात. म्हणजे 3600 तास. तीन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला तेवीस तास. नोकरी आणि घर सांभाळून तेवीस तास? फार थोड्यांना जमेल. पण इग्नूसारख्या ठिकाणी, म्हणजे केंद्राच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, हीच पदवी सहा वर्षांत पुरी करायची मुभा आहे. मग आठवड्याला साडेअकरा तास लागतात. रोज पहाटे दीड तास आणि रविवारी एक तास जादा. म्हणून माझं म्हणणं असं की फीच्या आधी घरातलं घड्याळ बघा. कोणता दीड तास तुमचा आणि त्या वेळी घरातलं तुमचं काम कोण करणार, हे घरच्यांसमोर बोलून ठरवा. मग अर्ज न भरता तीन महिने बसून बघा. बसणं जमलं तर भरा. नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी वेळ बदलून परत बसा, फी बुडालेली नसते.

कशासाठी शिकायचं तेही तपासा. एमपीएससीसाठी पदवी हवी असेल तर वयोमर्यादा बघा, खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43. पदवी हाती येईपर्यंत वय निघून जाणार असेल तर ते आजच कळलेलं बरं. नर्सिंग, कायदा, इंजिनिअरिंग दूरशिक्षणाने होत नाही. कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघा. मान्यता असेल तर दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. दहावी-बारावीच राहिली असेल तर बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, बाहेरून बसता येतं. आणि नुसतं शिकायचं म्हणून शिकायचं असेल, तर तेही पुरेसं कारण आहे. मला पदवीने नोकरी दिली नाही. मुलीच्या इतिहासाच्या वहीत चुका काढता आल्या, बचत गटाचे ठराव मी लिहायला लागले, आणि कुठल्याही कागदावर सही करताना तो आधी वाचते.

घंटा झाली. मी इथेच मागच्या बाकावर थांबते. ज्यांच्या नावांचा घोळ आहे त्यांनी गुणपत्रिका आणि रेशनकार्ड घेऊन उद्या संध्याकाळी याच वाचनालयात या. गॅझेटचा अर्ज कसा भरायचा ते मला तोंडपाठ आहे.