परदेशातून येणारी अर्धी हकिकत

नमस्कार श्रोतेहो.

देश सोडायचा निर्णय आकडेवारी चाळून घेणारी माणसं थोडी. बहुतेक जण तो घेतात आधी गेलेल्या कुणाचं तरी ऐकून. शेजारचा मुलगा गेला आणि दोन वर्षांत त्याच्या घरावर मजला चढला. नात्यातली एक बहीण गेली, तिचे फोटो येऊ लागले. मग एके दिवशी जेवताना आपल्याही घरात कुणीतरी विषय काढतं: "आपण का नाही?" या प्रश्नाच्या मागे जी माहिती असते ती कुठून येते, तिच्यात काय असतं आणि काय गाळलेलं असतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. स्थलांतरातली निम्मी दुःखं या गाळलेल्या मजकुरातून जन्मतात, असं माझं मत झालं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जन्मभूमी सोडून दुसऱ्या देशात राहणारी माणसं होती सुमारे ३० कोटी ४० लाख. जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. म्हणजे शंभरातले शहाण्णव जण ज्या देशात जन्मले त्याच देशात राहतात. जाणारे इतके थोडे, पण त्यांच्या गोष्टी मात्र घरोघरी पोचलेल्या असतात.

आणि ही ओढ खोटी नाही, हे आधीच सांगतो. तोच गवंडी, तेच हात, तीच भिंत. पण सीमा ओलांडली की त्याच दिवसभराच्या कामाचे पैसे कितीतरी पटींनी वाढतात. मजुरी केवळ कसबावर ठरत नाही. भोवतालची यंत्रं, रस्ते, वीज, कायदा, वेळेवर पैसे देणारी व्यवस्था या सगळ्यांचा तिच्यात वाटा असतो, आणि हे सगळं एकट्या माणसाला आपल्या गावात उभं करता येत नाही. तो स्वतः उठून तिकडे जाऊ शकतो, एवढंच त्याच्या हाती असतं. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ साली परदेशी कमावणाऱ्यांनी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ६५० अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी धाडली. श्रीमंत देशांच्या सरकारी मदतीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे. ताजिकिस्तानात तर अलीकडच्या काही वर्षांत अशी रक्कम देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास निम्मी भरली. या पैशांतून मुलं शिकली, म्हाताऱ्यांची ऑपरेशनं झाली, मुलींना शाळा सोडावी लागली नाही. ज्यांनी ते कमावले त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर अर्धी गोष्ट खपवली जाते, तेव्हा राग येतो.

अर्धी गोष्ट विकणारे आजचेच नाहीत. अमेरिकेने १८६२ साली कायदा केला: १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं राहा, कसा, ती तुमची. रेल्वे कंपन्यांना सरकारने लोहमार्गालगत अफाट जमिनी दिल्या होत्या. त्या विकायच्या, आणि गाड्यांना माल आणि प्रवासी मिळवायचे, म्हणून त्यांनी युरोपभर पत्रकं वाटली, एजंट नेमले. पत्रकांत हिरवीगार शेतं होती. पश्चिमेच्या कोरड्या मैदानांत पाऊस किती कमी पडतो हे मात्र नव्हतं. उलट, नांगर चालला की पाठोपाठ पाऊस येतो, असा एक सिद्धांत त्या काळी गंभीरपणे सांगितला जाई. ओलसर प्रदेशात १६० एकर भरपूर होती. कोरड्या माळावर तेवढ्यात एक कुटुंबही जगेना. या कायद्याखाली सुमारे ४० लाख अर्ज झाले आणि जमिनीची सनद मिळाली १६ लाखांना. बाकीच्यांची हकिकत कोणत्याही पत्रकात छापून आली नाही.

कंपनीचा एजंट आपल्याला फसवील, हे तरी समजण्यासारखं आहे. त्याहून अवघड आहे ते आपल्याच माणसाचं मौन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हजारो जपानी मजूर राबत होते. लग्नासाठी परतायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. मग फोटोंची देवाणघेवाण करून लग्नं ठरू लागली. साधारण १९०८ ते १९२० या काळात हजारो तरुणी केवळ फोटोच्या आधारावर समुद्र ओलांडून गेल्या. धक्क्यावर उतरल्यावर त्यांतल्या कित्येकींना कळलं की फोटो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा आहे, अंगावरचा सूट उसना आहे, ज्या घरापुढे उभं राहून तो काढला ते घर दुसऱ्याचं आहे. परतायला तिकिटाचे पैसे कुठे होते? बहुतेकींनी तिथेच संसार केले. त्यांपैकी किती जणींनी माहेरी खरं लिहिलं असेल?

त्या पुरुषांना मी लबाड म्हणणार नाही. परदेशी गेलेल्या माणसावर घराच्या अपेक्षांचं ओझं असतं. त्याच्यासाठी जमीन गहाण पडलेली असते, दागिने मोडलेले असतात. आठ जण एका खोलीत पाळीपाळीने झोपतो, हे त्याने कोणत्या तोंडाने सांगायचं? आईला रात्री झोप लागणार नाही. भाऊ म्हणेल, मग गेलास कशाला? म्हणून तो फोनवर म्हणतो, "मजेत आहे." फोटो काढतो तो मालकाच्या गाडीपाशी. त्याचं हे मौन मायेपोटी असतं. पण तोच फोटो पाहून त्याच्या चुलतभावाचा निर्णय पक्का होतो.

आता गाळलेल्या मजकुराकडे वळू. सगळ्यात वर आहे कर्ज. खासगी भरती एजन्सीने कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो; खर्च मालकाने सोसायचा. प्रत्यक्षात अनेक देशांत गरिबातला गरीब कामगारच दलालाला पैसे मोजतो, तेही भारी व्याजाने उचलून. सुरुवातीच्या काही महिन्यांची, कधी पूर्ण वर्षाची कमाई ते कर्ज फेडण्यातच जाते. पण पैशांच्या तोट्यापेक्षाही कर्जाने होणारं मोठं नुकसान वेगळं आहे. कर्ज माणसाचं "नाही" म्हणण्याचं बळ काढून घेतं. इकडे सांगितलेलं काम वेगळं, तिकडे पुढ्यात आलेला करारनामा वेगळा, पगार कमी. तरी तो सही करतो, कारण गावाकडे व्याज चढत असतं.

त्यात व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असला तर पेच पुरता घट्ट होतो. आखाती देशांतली कफाला पद्धत याच पायावर उभी राहिली. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची नाही, काही ठिकाणी देशाबाहेरही जायचं नाही. कतारने २०१८ ते २०२० या काळात या दोन्ही अटी कायद्यातून बहुतांशी काढल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण कामगाराचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहतो, असं अजूनही अनेक ठिकाणी घडतं, तेही तसं करणं बेकायदा असताना.

शिकलेल्यांची कहाणी निराळी, पण तिच्यातही एक कलम गाळलेलं असतं. कॅनडाने १९६७ पासून गुण देऊन स्थलांतरित निवडायला सुरुवात केली: शिक्षणाचे गुण, भाषेचे गुण, वयाचे गुण. डॉक्टर आहात, भरपूर गुण मिळाले, प्रवेश मिळाला. माणूस समजतो, आपली पदवी या देशाने मान्य केली. पण देशात घेणारं खातं वेगळं आणि डॉक्टरकीचा परवाना देणारी प्रांताची संस्था वेगळी. या संस्थेकडे पुन्हा परीक्षा, पुन्हा रुग्णालयातली उमेदवारी, आणि त्या उमेदवारीच्या जागा मोजक्याच. तोवर घरभाडं कोण भरणार? मग शस्त्रक्रिया केलेले हात टॅक्सीचं स्टिअरिंग धरतात. जर्मनीने परदेशी पदव्यांच्या मूल्यमापनाचा हक्क देणारा कायदा २०१२ साली लागू केला. अशी वाट सगळीकडे नाही. निघण्यापूर्वी व्हिसाची चौकशी सगळे करतात, परवान्याची फार थोडे. माझं कळकळीचं सांगणं आहे, ही चौकशी आधी करा.

वाट पाहणं हाही एक खर्चच आहे. अमेरिकेत नोकरीच्या आणि कुटुंबाच्या आधारावर दर वर्षी मिळणाऱ्या ठरावीक संख्येच्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सहसा ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. देश लहान असो वा प्रचंड, मर्यादा तीच. त्यामुळे मोठ्या देशांतल्या अर्जदारांची रांग अनेक वर्षांची, काहींच्या बाबतीत दशकांची होते. आईवडिलांबरोबर लहानपणी आलेलं मूल रांगेतच मोठं होतं, आणि २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. ज्या देशात ते शिकलं, तिथे राहण्यासाठी मग त्याला वेगळी धडपड करावी लागते.

समुद्राच्या वाटेबद्दल थोडंच बोलतो. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ एक बोट बुडाली आणि ३६० हून जास्त माणसं गेली. किनारा अगदी जवळ होता. त्यांनीही कुणाला तरी पैसे मोजले होते, आणि बोट भक्कम असल्याचं कुणीतरी सांगितलं असणारच.

"पाच वर्षं कमावू आणि परत येऊ" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाणारा उच्चारतो, आणि ते मनापासूनचं असतं. पश्चिम जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी कामगार-भरतीचा करार केला तेव्हा दोन्ही सरकारांनीही तेच धरलं होतं: माणसं येतील, कारखान्यात राबतील, परत जातील. पुष्कळ जण परतलेही. मग १९७३ च्या तेलसंकटात जर्मनीने भरती थांबवली. तिथे असलेल्यांना कळून चुकलं की आता एकदा गेलो तर पुन्हा आत येता येणार नाही. म्हणून त्यांनी जाण्याऐवजी बायकामुलांना बोलावून घेतलं. दार बंद झाल्यामुळे माणसं आतच राहिली. मुलं तिथल्या शाळेत गेली, तिथल्या भाषेत भांडू लागली, आणि परतीचं वर्ष दर वर्षी पुढे ढकललं गेलं.

त्या ढकलण्यात काय काय निसटतं, याची यादी मी करत नाही. एकच सांगतो. परदेशी असलेल्या माणसाला घरातलं आजारपण सहसा उशिरा कळतं. "त्याला उगाच काळजी" म्हणून घरचेही गप्प राहतात. मौन असं दोन्हीकडून पाळलं जातं. आणि मग जो फोन येतो, त्यानंतर विमानाचं तिकीट मिळूनही पोचायला उशीर झालेला असतो.

तर मग जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. म्हणण्याचा मला अधिकारही नाही. ज्याच्या गावात काम नाही, ज्याच्या जिवाला धोका आहे, त्याला घरी बसण्याचा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे. माझं मागणं आहे ते गोष्ट पुरी सांगण्याचं. तुम्ही परदेशातून हे ऐकत असाल, आणि धाकटा भाऊ किंवा मैत्रीण "मी येऊ का?" असं विचारत असेल, तर पगाराचा आकडा एकटा सांगू नका. त्याच्याबरोबर भाडं सांगा, कर सांगा, कर्ज किती महिन्यांत फिटलं ते सांगा, दिवसाचे किती तास उभं राहावं लागतं ते सांगा. पैसे घरी पाठवतानाचा खर्चही सांगा. जगभरात २०० डॉलर पाठवायला सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास कापले जातात, आणि ते प्रमाण २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवलेलं आहे.

जाणाऱ्यांनो, दलालाला पैसा देण्याआधी करारनामा आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मागा. त्याची आणि पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवा. ज्याच्याकडे काम करायचं त्याच्याकडे आधी राबलेल्या एखाद्या माणसाशी बोला; काम सोडून आलेला कुणी भेटला तर फारच उत्तम, त्याला काही लपवायचं नसतं.

आणि घरी राहिलेल्या आईवडिलांनो, भावंडांनो, पुढच्या वेळी फोन आला की "या महिन्यात किती पाठवतोस?" याच्या आधी "तुझ्याजवळ किती उरतात?" असं विचारा. पहिल्यांदा तो टाळेल. पुन्हा विचारा. आणि त्याने खरं सांगितलं तर ते शांतपणे ऐकून घ्या. "मग गेलास कशाला" हे वाक्य तेवढं तोंडातून येऊ देऊ नका.

नमस्कार.