मुलगा क्रमांक पंधरा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'आकडा आणि चेहरा : "बॅटल रॉयल"ची चित्रभाषा'. त्याकडे येते. त्याआधी एक विचारते, शाळेतला हजेरी क्रमांक अजून कोणाकोणाला आठवतो? बघा, जवळजवळ सगळे हात वर! मागच्या रांगेतले आजोबा, तुमचा किती? एकोणतीस. वा! माझा सतरा. लग्नाची तारीख विसरलेली माणसंसुद्धा हा आकडा विसरत नाहीत.

तर 'बॅटल रॉयल' ही एक जपानी कादंबरी, आणि तिच्यावरून निघालेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. तिचा नायक नानाहारा शूया हा मुलगा क्रमांक पंधरा. शिरोइवा गावची शाळा, तिसरं वर्ष, 'ब' तुकडी, २१ मुलगे आणि २१ मुली. जपानमध्ये हे वर्ष म्हणजे आपली नववी. सक्तीचं शिक्षण इथे संपतं आणि पुढच्या शाळेची प्रवेशपरीक्षा मानगुटीवर बसते. 'ज्युकेन सेन्सो', परीक्षायुद्ध, हा शब्द तिथे रोजच्या बोलण्यातला आहे. या मुलांची सहलीची बस निघते, बसमध्ये गुंगी येते आणि जाग येते ती एका बेटावर. गळ्यात धातूचं कडं. एकच जण उरेपर्यंत एकमेकांना मारायचं. चोवीस तासांत कोणीच मेलं नाही, तर सगळी कडी फुटणार.

'तिसरी ब' हे कुठून आलं ते सांगायलाच हवं, नाहीतर यातली निम्मी वेदना कळत नाही. १९७९ साली जपानी टीव्हीवर किन्पाची सरांची मालिका सुरू झाली. विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारे सर, आणि त्यांचा वर्ग 'तिसरी ब'. मालिकेतले सर साकामोतो किन्पाची. ताकामी कोशून यांनी १९९९च्या मूळ कादंबरीत मृत्यूचे नियम वाचून दाखवणाऱ्या माणसाला नाव दिलं साकामोची किन्पात्सु. आपल्या साने गुरुजींच्या श्यामसारखं लहानपणी डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी आठवा, आणि त्याच आवाजात कोणी 'आता एकमेकांना मारा' म्हणतंय अशी कल्पना करा. मांगात या माणसाचं नाव कामोन झालं. मला ती हानी वाटते.

आता माझं दुखणं सांगते. आयोजकांनी घड्याळ दाखवलं तरी हे सांगितल्याशिवाय उठणार नाही. माझी जपानी कच्ची होती तेव्हा मी ही मांगा आधी इंग्रजीत वाचली. अमेरिकेत निघालेल्या त्या आवृत्तीत हा संहार म्हणजे टीव्हीवर दाखवला जाणारा रिअॅलिटी शो आहे. मला ते पटलं, भिडलं. पुढे पुण्यात जपानी शिकवताना दोन वर्षं मी मुलांना ठासून सांगत होते की ही टीव्हीवेड्या समाजावरची टीका आहे. मग तागुची मासायुकी यांनी चितारलेले मूळ पंधरा खंड हाती आले. एकेक शब्द कोशात बघत वाचायला बसले. शो कुठे आहे? नाहीच! तो रूपांतरकारानं घातलेला. त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही. कारण बदल तपशिलाचा नव्हता, दुष्टपणाचं कारणच बदललं होतं.

मूळ गोष्टीत हे करणारं राज्य आहे 'महापूर्व आशिया प्रजासत्ताक'. जपानी वाचकाला या नावातच युद्धकाळ ऐकू येतो, 'महापूर्व आशिया सहसमृद्धी' म्हणत सैन्य शेजारी देशांत घुसलं तो काळ. गळ्यातल्या कड्याचं नाव आहे 'ग्वादालकानाल २२'. ग्वादालकानाल म्हणजे ज्या बेटावर जपानी सैनिक गोळीपेक्षा उपासमारीनं आणि रोगानं जास्त मेले, ते. दरवर्षी ५० वर्ग निवडतात. कागदोपत्री हा लष्करी प्रयोग. खरा हेतू असा की शेजारच्या बाकावरचा मित्रसुद्धा आपला गळा चिरू शकतो हे देशातल्या प्रत्येकाला आतून पटावं. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, ती माणसं एकत्र येऊन बंड करत नाहीत. अशा राज्याला करमणूक नको असते, संशय हवा असतो. टीव्हीचा शो घातला की दोष बघणाऱ्यांवर जातो आणि राज्य मोकळं सुटतं. अनुवादकाच्या हातून शब्द चुकतात, माझ्याही चुकतात. पण गुन्हेगार बदलायचा नसतो.

फुकासाकु किंजी यांना हे न सांगता कळलं. २००० साली त्यांनी कादंबरीवर सिनेमा केला तेव्हा ते सत्तरीचे होते. १९४५ साली पंधरा वर्षांचे असताना ते शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला होते. तोफांचा मारा झाला तेव्हा मुलं एकमेकांच्या शरीरांआड लपली, आणि नंतर सोबत्यांची प्रेतं उचलायचं काम वाचलेल्यांच्याच वाट्याला आलं. त्यांचा सिनेमा जपानच्या संसदेपर्यंत गाजला, हिंसक म्हणून. पंधराव्या वर्षी प्रेतं उचललेल्या माणसाला हिंसा म्हणजे काय ते कोणी सांगायचं?

हो हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं.

मग थेट दीपगृहात जाऊ. याच वर्गातल्या उत्सुमी युकिए हिनं पाच मैत्रिणींना दीपगृहात एकत्र ठेवलंय. पहारा, स्वयंपाक, सगळं वाटून घेतलंय. जखमी शूयाला त्या वरच्या खोलीत सांभाळतायत. अख्ख्या बेटावर तेवढंच एक घर आहे. पण त्यांतल्या साकाकी युकोनं शूयाच्या झटापटीत एक मुलगा मेलेला पाहिलाय. ती खरोखर घाबरलीय. ती शूयाच्या जेवणात विष घालते आणि ते चुकून मैत्रीणच चाखते. पुढच्या काही क्षणांत मुली एकमेकींवर ओरडतात, बंदूक उचलली जाते, आणि मैत्रिणींच्या प्रेतांत एकटी युको उरते. थोड्या वेळानं तीही मरते. बाहेरून कोणी आलं नव्हतं. राज्याला बोटही हलवावं लागलं नाही. वर्गात हे वाचून दाखवताना माझा आवाज दर वेळी जातो.

आता जे सांगायला आले होते ते. कादंबरीत प्रकरणाच्या शेवटी आकडा येतो : उरले इतके. बेटावर दर सहा तासांनी मेलेल्यांची नावं पुकारतात. हजेरीच ती, फक्त उलटी. तागुची काय करतात? ते चेहरा जवळ आणतात. डोळे, घाम, अश्रू, वाहणारं नाक, सगळं नको इतकं ठळक. अनेकांना ते भडक वाटतं. मला ते आकड्याला दिलेलं उत्तर वाटतं, कारण मरणाच्या तोंडाशी कथा थांबते आणि त्या मुलाचं घर, त्याची आई, त्याचं पहिलं प्रेम पानंच्या पानं उलगडत जातं. सिनेमाकडे दोन तास असतात, तागुचींकडे पंधरा खंड होते. ज्याला आपण खलनायक समजून बसलोय त्यालाही बालपण मिळतं. वर्गातल्या सोमा मित्सुकोचं बालपण वाचल्यावर तिचा राग करणं मला तरी जमलेलं नाही.

शेवटची दोन मिनिटं. हा खंड मी आणलाय, मूळ जपानी, उजवीकडून डावीकडे वाचायचा. दीपगृहाचा प्रसंग खूण घालून ठेवलाय. जपानी येत नसेल तरी चालेल, फुगे वाचू नका, फक्त चेहरे बघा. आजोबा, तुमच्यापासून सुरुवात करू. जपून धरा, बांधणी सैल झालीय.