ढोरं टाकायची जागा

नमस्कार, श्रोतेहो.

मी जनावरांचा डॉक्टर. १९९५ साली नोकरीला लागलो, तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी ओढ्याच्या कडेला ढोरं टाकायची जागा होती. बैल मेला की तिथं ओढून न्यायचे, कातडं निघायचं आणि मग गिधाडं उतरायची. आधी एखादंच, मग दहा, मग मोजायचा नाद सोडावा इतकी. तासाभरात नुसता सांगाडा उरायचा. हाडं गोळा करणारे येऊन तोही न्यायचे. मी नाकाला रुमाल लावून पुढं जायचो. यात बघण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंच नाही.

आपण या पक्ष्याचं नाव घेतो ते बहुतेक शिवी म्हणून. म्हाताऱ्याच्या जमिनीवर डोळा ठेवणारा भाचा 'गिधाडासारखा टपलेला' असतो. जटायूला हात जोडतो, पण तो गिधाडच होता हे सोयीनं विसरतो.

तर ही गिधाडं हळूहळू दिसेनाशी झाली. भारतात गिधाडांच्या ९ जाती. त्यांतल्या तिघींवर घाला आला: पांढऱ्या पाठीचं गिधाड, लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एक उरलं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना माना खाली टाकून बसलेली, झाडाखाली मरून पडलेली गिधाडं दिसत होती. एखादा विषाणू असेल, असाही संशय होता.

कारण २००४ साली उजेडात आलं. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांची तपासणी करून लिंडसे ओक्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी ते शोधलं होतं. डायक्लोफेनॅक. अंगदुखीला आपण घेतो तेच वेदनाशामक. १९९०च्या दशकात ते स्वस्त झालं आणि आमच्या बॅगेत आलं. बैल लंगडतोय, गाईची कास सुजली, टोच इंजेक्शन. जनावर उठून चालायला लागायचं, शेतकरी खूष. मी स्वतः किती दिली असतील, त्याचा हिशोब नाही.

काही जनावरं इंजेक्शन देऊनही आपल्या दुखण्यानं मरायची. औषध तेव्हा त्यांच्या यकृतात, मूत्रपिंडात शिल्लक असायचं. ते मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, युरिक आम्ल रक्तात साचतं आणि काळजा-यकृतावर चुना फासावा तसा पांढरा थर बसतो. काही दिवसांत पक्षी संपतो. शंभरातल्या एका मेलेल्या जनावरातही हे औषध असेल, तरी एवढी पडझड व्हायला पुरेसं होतं. एका जनावरावर पन्नास गिधाडं जेवतात, आणि मादी वर्षाला घालते एकच अंडं. भरपाई व्हायची कशी?

'नामशेष' हा शब्द आपण सहज वापरतो. नाम तेवढं शेष. गिधाडांच्या बाबतीत तो तंतोतंत लागू नाही, थोडे पक्षीही शेष आहेत. उरलं नाही ते त्यांचं काम. ओढ्याकाठी मेलेली जनावरं सडायला लागली. कुत्री आली, वाढली. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की काळपुळीचे जंतूसुद्धा त्यात मरतात. कुत्र्याचं पोट तसलं नाही. कुत्रं चार दिवस तेच मांस फाडत राहतं, ओढ्याच्या पाण्यात पसरवतं आणि त्याला पिसाळीचा रोग असेल तर तो आपल्या दारात आणतं.

याची किंमत किती, हे ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली मांडलं. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती, तिथलं माणसांचं मृत्युप्रमाण गिधाडं गेल्यावर ४ टक्क्यांहून जास्त वाढलं. २००० ते २००५ या काळात साधारण ५ लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज. मी तो आकडा दोनदा वाचला. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत, मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला अंत्यसंस्कारासाठी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली, ती याच कारणानं.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसांसाठीची मोठी कुपी मात्र दुकानात मिळतच होती आणि गोठ्यात पोचतच होती. तिला २०१५ साली आळा बसला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही गिधाडांना तशीच घातक वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास चालू आहे, तिथले पक्षी २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणले. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावात लोकांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी जपली आहेत, त्यांच्यासाठी मेलेली जनावरं पोचवतात. लोक त्याला गंमतीनं गिधाडांचं हॉटेल म्हणतात.

आमच्याकडचा ओढा आता वेगळा आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. एखादी गाय मेलीच तर जेसीबीनं खड्डा काढायचा, मीठ टाकून पुरायची. उद्या गिधाड परत आलंच, तर त्याला खायला काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परवाच एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते जुनं इंजेक्शन द्या की. त्यानं बैल लगेच उठायचा." मी बॅगेतून मेलॉक्सिकॅम काढलं, गिधाडांना न मारणारं वेदनाशामक. ते त्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, "हे महाग असतंय का?"