हॅलोविन: पडद्यामागचे हात

[दृश्य: टेबलावर रबरी मुखवटा. शेजारी कात्री आणि स्प्रेचा डबा. क्लोज-अप.]

हा लॅटेक्सचा साधा मुखवटा आहे, कुठल्याही पार्टीच्या दुकानात मिळतो तसला. आमचे मेकअप कलाकार आधी त्याचे कल्ले उपटतात. मग भुवया. भुवया निघाल्या की बघा चेहऱ्याचं काय होतं. हा माणूस रागावलाय की खुशीत आहे, काही कळेनासं होतं. आता कात्री. डोळ्यांची भोकं दोन्ही बाजूंनी वाढवली, कडा जराशा वेड्यावाकड्याच ठेवल्या. केस बोटांनी विस्कटले. आणि शेवटी स्प्रे. निळसर झाक असलेला पांढरा रंग, लांबून, पातळ थरात. जवळून मारला तर रंग ओघळतो आणि रबराच्या सुरकुत्यांत साचतो.

1978 साली टॉमी ली वॉलेस नावाच्या तरुणानं नेमकं हेच केलं होतं. 'हॅलोविन' या अमेरिकी भयपटाचं कलादिग्दर्शन त्याच्याकडे होतं आणि संकलनातही त्याचा वाटा होता. पटकथेत खुन्याच्या चेहऱ्याबद्दल फारसं काही लिहिलेलं नव्हतं, फिकट, भावनाशून्य चेहरा एवढंच. वॉलेस हॉलिवूड बुलेवार्डवरच्या एका दुकानात गेला आणि दोन मुखवटे घेऊन आला. एक विदूषकाचा. दुसरा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाचा. त्याची किंमत दोन डॉलरच्याही आत होती. विदूषक भीतिदायक वाटला खरा, पण रंगवलेला कर्क घालून माणूस समोर उभा राहिला तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं.

[दृश्य: रंगवलेला मुखवटा वाळतोय. पंख्याच्या वाऱ्यानं केस हलतात.]

तेरा चित्रपटांची मालिका, चव्वेचाळीस वर्षं. त्याची सुरुवात अशी कात्री आणि स्प्रेनं झाली.

मूळ कल्पना निर्माता अर्विन याब्लान्सची. मुलं सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागलेला खुनी, एवढीच. सारा प्रकार एकाच रात्रीत, हॅलोविनच्या म्हणजे 31 ऑक्टोबरच्या रात्री घडावा, हेही त्याचंच म्हणणं. पैसा घातला मुस्तफा अक्कादनं. सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेला हा निर्माता-दिग्दर्शक. रक्कम सुमारे तीन लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबानं चहापाण्याचा खर्च. दिग्दर्शक जॉन कारपेंटर तेव्हा तिशीचा.

[दृश्य: 1978 च्या श्रेयनामावलीतलं नाव. कॅमेरा तिथे थांबतो.]

आणि हे नाव वाचा. डेब्रा हिल. निर्माती आणि सहलेखिका. वय सत्तावीस. कारपेंटरच्या आधीच्या चित्रपटात ती स्क्रिप्ट सुपरवायझर होती, म्हणजे मागच्या शॉटमध्ये पात्राचा पेला डाव्या हातात होता की उजव्या, हे टिपून ठेवणारी. 'हॅलोविन'मध्ये मैत्रिणी एकमेकींशी ज्या तऱ्हेनं बोलतात, शाळेतून घरी जाताना जी थट्टा करतात, ते संवाद प्रामुख्यानं तिच्या लेखणीतले. चित्रपटातलं हॅडनफील्ड हे गाव इलिनॉयमध्ये दाखवलंय. खरं हॅडनफील्ड न्यू जर्सीत आहे आणि ते डेब्रा हिलचं गाव. पुढे तिनं एका मुलाखतीत सांगितलं होतं की, सेटवर पाऊल ठेवलं की लोक तिला मेकअपवाली, केशभूषेवाली किंवा फार तर स्क्रिप्टवाली समजायचे. ही लेखिका किंवा निर्माती असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे.

आज या मालिकेबद्दल बोलताना कारपेंटरचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. ते असायलाच हवं. पण आमच्या मते डेब्रा हिलचं नाव त्याच दमात घेतलं पाहिजे, आणि पुढच्या काही मिनिटांत ते तुम्हाला पटेल.

[दृश्य: साउथ पॅसाडिना. झाडांनी भरलेला रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरं.]

हे कॅलिफोर्नियातलं साउथ पॅसाडिना. लॉस एंजेलिसला लागूनच. पडद्यावरचं हॅडनफील्ड ते हेच. कथा ऑक्टोबर अखेरची आणि चित्रीकरण वसंतातलं. झाडं हिरवीगार. पानगळ आणायची कुठून? मग कागदाची पानं कापून तपकिरी-पिवळ्या रंगांत रंगवली. शॉटच्या आधी ती रस्त्यावर पसरायची, पंख्यानं उडवायची आणि 'कट' झालं की सगळ्यांनी वाकून गोळा करून पुन्हा पोत्यात भरायची. पुढच्या शॉटला तीच पानं. भोपळ्यांचाही तो हंगाम नव्हता, तेही शोधून आणावे लागले.

[दृश्य: हिरवं कुंपण. कॅमेरा हळूहळू त्याच्या कडेनं सरकतो.]

हे कुंपण चाहत्यांना लगेच ओळखू येईल. मुली चालत येतात, पुढे कुंपणाआड कुणीतरी उभं असतं, जवळ जाऊन पाहावं तर कुणी नाही. आता जुन्या चित्रपटाचा हा तुकडा बघा आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष द्या. पामची झाडं! इलिनॉयमध्ये! गाड्यांच्या नंबरप्लेटही कॅलिफोर्नियाच्याच. पैसे नसले की अशा गोष्टी राहून जातात आणि प्रेक्षक घाबरलेला असला की त्या त्याला दिसतही नाहीत.

[दृश्य: मिशन स्ट्रीटवरचं जुनं लाकडी घर. दर्शनी भाग, पायऱ्या, खिडक्या.]

हे मायकल मायर्सचं, म्हणजे मुखवट्यातल्या त्या खुन्याचं घर. एकोणिसाव्या शतकातलं. 1987 मध्ये ते पाडायला निघाले होते, मग अख्खं उचलून इथे आणून बसवलं. चित्रीकरणाच्या वेळी ते दुसऱ्या जागी होतं, ओसाड आणि पडझड झालेलं. 1978 मधल्या प्रसंगांसाठी तशीच पडकी वास्तू हवी होती, त्यामुळे ते काम सोपं गेलं. अडचण होती ती कथेतल्या 1963 च्या प्रसंगाची, चित्रपटाच्या पहिल्याच शॉटची. त्यात घर नांदतं दिसायला हवं होतं.

म्हणून पहिला शॉट शेवटी घेतला. युनिटमधले जे हाताशी होते त्यांनी ब्रश उचलले. घराचा दर्शनी भाग रंगवला, आत वॉलपेपर चिकटवला, पडदे लावले, सामान आणलं. जेवढं कॅमेऱ्याला दिसणार तेवढंच.

[दृश्य: पहिल्या शॉटचा तुकडा. बाहेरून खिडकी, मग मागचं दार, स्वयंपाकघर.]

कॅमेरा पॅनाग्लाइडवर आहे. कॅमेरामनच्या अंगाला बांधायचं हे यंत्र, चालताना बसणारे धक्के शोषून घेणारं, तेव्हा अगदी नवं होतं. छायालेखक डीन कंडी. कॅमेरा घराला वळसा घालून आत शिरतो, जिना चढतो, परत उतरून बाहेर येतो, आणि आपण सगळं मारेकऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. प्रकाश लपवायला जागा कुठे? कॅमेरा एका खोलीतून पुढे गेला की मागे लाइटवाले दिवे उचलून पळायचे आणि पुढच्या खोलीची तयारी करायची. पडद्यावर हा सलग एकच शॉट वाटतो. तसा तो नाही. मुखवटा लेन्ससमोर येतो त्या अंधारात एक जोड लपवलाय.

आता इथे थांबा. [चित्र गोठतं.] ड्रॉवर उघडतो. एक हात आत जातो. सुरी उचलतो.

कथेत हा हात सहा वर्षांच्या मायकलचा आहे. पडद्यावर दिसतोय तो डेब्रा हिलचा.

[दृश्य: गोठलेलं चित्र, हात मोठा होत जातो. चार सेकंद निवेदन नाही.]

पुढे मुखवट्यामागे अनेक माणसं येऊन गेली. मुख्य काम निक कॅसलचं. तो कारपेंटरचा चित्रपट शाळेतला मित्र. सेटवर नुसता बघायला येणार होता, त्याला मुखवटा चढवला आणि रोजचे पंचवीस डॉलर दिले. ती शांत, जराशी मान तिरकी करून बघण्याची लकब त्याची. कपाटाचं दार फोडताना आत घुसतो तो टॉमी वॉलेस, कारण दार त्यानंच तयार केलं होतं आणि नेमकं कुठे मारलं की फुटेल हे त्यालाच माहीत. गॅलरीतून पडतो तो स्टंटमन. मुखवटा निघतो त्या क्षणी दिसणारा चेहरा टोनी मोरानचा. श्रेयनामावलीत कॅसलच्या भूमिकेला 'मायकल' म्हटलेलं नाही. तिथे लिहिलंय 'द शेप', म्हणजे नुसती आकृती.

नायिका झाली जेमी ली कर्टिस. तिचा हा पहिलाच चित्रपट. कपडे तिनं एका साध्या डिपार्टमेंट स्टोअरमधून घेतले, सगळे मिळून शंभर डॉलरच्या आसपास. प्रसंग मागेपुढे चित्रित व्हायचे, म्हणून कारपेंटरनं भीतीची मोजपट्टीच केली होती. या प्रसंगात इतकी, त्या प्रसंगात तितकी. ती आकडा ऐकायची आणि तेवढं घाबरायची.

[दृश्य: पियानोवर बोटं. फक्त उजवा हात.]

आणि हे संगीत. कारपेंटरचे वडील केंटकीतल्या बोलिंग ग्रीन इथे संगीताचे प्राध्यापक. त्यांनी पोराला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला. तोच इथे आलाय. झपतालाची सवय असलेल्या आपल्या कानाला दहाचं आवर्तन परकं नाही, पण झपतालाची फोड दोन-तीन-दोन-तीन अशी. इथे ती तीन-तीन-दोन-दोन पडते. ऐका. [पियानो.] शेवटचे दोन तुकडे आखूड, त्यामुळे दर फेरीला पाय अडखळल्यासारखा होतो.

कारपेंटरनं हा चित्रपट संगीताविना एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला होता. त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग सिंथेसायझरवर बसून त्यानं तीन दिवसांत सगळं संगीत उभं केलं. श्रेयनामावलीत 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' असं भारदस्त नाव आहे. असा वाद्यवृंद नव्हताच. गावाची आठवण म्हणून ते नाव दिलं.

[दृश्य: पुढच्या भागांतले मुखवटे, एकामागून एक.]

1981 च्या दुसऱ्या भागात तोच मूळ मुखवटा वापरला. तो पिवळट पडला होता आणि मायकल झालेल्या डिक वॉरलॉकच्या डोक्यावर जास्त ताणला जायचा, म्हणून चेहरा रुंद दिसतो. 1988 च्या चौथ्या भागात, शाळेतल्या प्रसंगात, मायकलचे केस अचानक सोनेरी होतात, कारण तिथे वेगळाच मुखवटा वापरला गेला. 1998 च्या भागात एका शॉटपुरता तर तो संगणकावर बनवला. तो इथे बघा, गालांवर रबराची चमकच नाही. 2018 साली मेकअप कलाकार क्रिस्टोफर नेल्सननं मात्र जीव ओतला. चाळीस वर्षं जुना झालेला मुखवटा करायचा म्हणून रबर कुठे आक्रसतं, रंग कुठून सुटतो, हे त्यानं बारकाईनं अभ्यासलं. हनुवटीजवळच्या या भेगा त्याच्या हातच्या.

पहिल्या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलर मिळवले. त्याच्या नकला निघाल्या, त्यांतल्या हिंसेवर, मुलींना बळी म्हणून वापरण्यावर टीकाही झाली. 2006 मध्ये त्याला अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीत, जागा मिळाली. चित्रपटाला पैसा पुरवणारा अक्काद 2005 साली जॉर्डनची राजधानी अम्मानमधल्या हॉटेलवरच्या बॉम्बहल्ल्यात मुलीसह मारला गेला.

[दृश्य: डेब्रा हिलची छायाचित्रं. सेटवर, कॅमेऱ्याशेजारी.]

डेब्रा हिलही त्याच वर्षी गेली, कर्करोगानं, चौपन्नाव्या वर्षी. 'द फॉग', 'एस्केप फ्रॉम न्यू यॉर्क', 'द फिशर किंग' यांची ती निर्माती. प्रोड्यूसर्स गिल्ड ऑफ अमेरिकानं नव्या निर्मात्यांसाठी तिच्या नावानं फेलोशिप सुरू केली.