दोनशे चाळीस चित्रं, एक ओळ

(दृश्य: काळं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायचा स्क्रीन. कर्सर लुकलुकतोय.)

दहा सेकंदांचं दृश्य. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर २४० चित्रं. एका चित्राला पाच मिनिटं लागली, तरी २० तास. एवढा वेळ ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरची खिडकी उघडी ठेवायची गरज नाही, टर्मिनलमधली एक ओळ पुरते. जड सीन असेल तर ती बंदच बरी, कारण व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करताना दिसणारा सीन, दाखवण्यात ग्राफिक्स कार्डाची जी मेमरी अडकते, तीच रेंडरला, म्हणजे पक्कं चित्र बनवायला, हवी असते.

(दृश्य: ओळ हळूहळू टाइप होते.)

आधी ब्लेंडर. मग हायफन बी, म्हणजे बॅकग्राउंड: खिडकी उघडूच नको. मग फाइलचं नाव. हायफन ओ, चित्रं कुठे ठेवायची ते. हायफन एस, पहिली फ्रेम. हायफन ई, शेवटची. आणि सगळ्यात शेवटी हायफन ए: अ‍ॅनिमेशन रेंडर कर.

हे 'सगळ्यात शेवटी' फार महत्त्वाचं. ब्लेंडर ही ओळ क्रमाने वाचतो आणि वाचता वाचताच कामाला लागतो. 'ए' आधी आला, की फाइलमध्ये साठवलेल्या फ्रेम घेऊन रेंडर सुरू. तुमचे आकडे त्याने अजून पाहिलेलेही नसतात. 'ओ' फाइलच्या नावाआधी लिहिला, तर फाइल उघडताच तिच्यातला जुना पत्ता लागू होतो. माझी एक अख्खी रात्र यात गेली. सकाळी नवा फोल्डर रिकामा होता, आणि जुन्या फोल्डरातल्या चांगल्या चित्रांवर नवी चित्रं लिहिली गेली होती. ती जुनी परत मिळाली नाहीत.

अक्षर स्मॉल की कॅपिटल, तेही बघा. स्मॉल 'ई' म्हणजे शेवटची फ्रेम, कॅपिटल 'ई' म्हणजे चित्र बनवणारं इंजिन: ब्लेंडरमधलं सायकल्स की ईव्ही.

(दृश्य: फोल्डरमध्ये एकेक चित्र येऊन पडतंय.)

रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये काढू नका. मशीन मध्येच बंद पडलं, तर अर्धवट व्हिडिओ बहुतेक वेळा उघडतच नाही. पीएनजी चित्रं काढली, तर झालेली १३६ जागेवर असतात. शेवटचं नीट लिहिलं गेलंय ना, एवढं उघडून बघायचं, आणि हायफन एसपुढे १३७ लिहून पुन्हा सुरू करायचं.

प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, म्हणून काम वाटताही येतं. एका मशीनला १ ते १२०, दुसऱ्याला १२१ ते २४०. किंवा फाइलमध्ये ओव्हरराइट (जुन्या चित्रावर नवं लिहिणं) बंद आणि प्लेसहोल्डर्स चालू करून दोघांना एकच फोल्डर द्या. एका मशीनने जी फ्रेम हातात घेतली, तिच्या नावाची रिकामी फाइल आधी तयार होते, आणि दुसरं मशीन ती सोडून पुढची घेतं. ही सोय मला मनापासून आवडते. दोन मशीनमध्ये ना निरोप, ना मध्यस्थ, फक्त एक फोल्डर.

(दृश्य: वाऱ्यावर हलणारं कापड. एका फ्रेमला ते अचानक ताठ होतं.)

कापड, धूर, पाणी मात्र स्वतंत्र नसतात. १२१व्या फ्रेममधली घडी १२०व्या फ्रेममधून येते. ज्या मशीनने ती १२०वी फ्रेम कधी मोजलीच नाही, ते ही घडी आणणार कुठून? म्हणून सिम्युलेशन, म्हणजे या हालचालींचं गणित, आधी बेक करायचं, म्हणजे मोजून साठवून ठेवायचं, आणि तो साठा (कॅश) फाइलसोबत प्रत्येक मशीनवर न्यायचा. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, तीही सोबत हवीत. एखादं सापडलं नाही, तर ती वस्तू भडक गुलाबी रंगून येते.

(दृश्य: टर्मिनलवर ओळी सरकतायत.)

मग एफएफएमपेग या टर्मिनलवरून चालणाऱ्या टूलने चित्रं जोडून व्हिडिओ करायचा आणि बघायचा. ८८व्या फ्रेमला सावली चमकली. सीनमध्ये दिवा सरकवला, फाइल सेव्ह केली. या वेळी 'ए' नाही. हायफन एफ, ८८: फक्त तेवढी एक फ्रेम.

(दृश्य: टर्मिनलवर एकच नवी ओळ: सेव्ह्ड.)